एकशे बेचाळिसाव्या दिवशी

एक साधा भागाकार करून पाहा. 44,000 भागिले 312. उत्तर येतं 141 आणि बाकी उरतात आठ रुपये.

44,000 रुपये ही ग्रामीण महाराष्ट्रातल्या कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली ‘प्राधान्य कुटुंब’ म्हणून रेशनचं धान्य हवं असेल, तर घरातल्या सगळ्यांची मिळून वर्षाची कमाई या आकड्याच्या आत पाहिजे. शहरात हाच आकडा 59,000 आहे. दोन्ही आकडे 2013 सालच्या शासन निर्णयातले. आणि 312 रुपये म्हणजे 2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर सरकारनेच ठरवलेली दिवसाची मजुरी. घरातल्या एकट्या माणसानं 142 दिवस मातीकाम केलं, की त्याचं कुटुंब कागदावर गरीब राहत नाही. नवरा-बायको दोघंही कामावर गेले, तर एकाहत्तराव्या दिवशी संध्याकाळीच ही रेघ ओलांडली जाते. उरलेलं वर्ष दोघांनी हात बांधून घरी बसून काढलं, तरच ते पात्र ठरतात.

असं कोण बसतं? कुणीच नाही. म्हणून बीड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात उत्पन्नाच्या दाखल्यांवर 38, 40, 42 हजार असेच आकडे दिसतात. अर्जदाराला ते माहीत असतं, दाखला देणाऱ्याला माहीत असतं, अर्ज तपासणाऱ्यालाही माहीत असतं. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर दर सोमवारी गावातल्या बायकांचे अर्ज भरून द्यायला बसते. उत्पन्नाच्या रकान्यात 42,000 लिहिताना माझा हात अजूनही अडखळतो. मुलांना खरं बोला म्हणून सांगण्यात आयुष्य गेलं, आणि इथं खरं लिहिलं तर समोरच्या बाईच्या घरातलं धान्य बंद होतं.

या खोट्याची मोठी किंमत कोषागार भरत नाही. ती भरते अर्ज करणारी बाई. जी अट खरं बोलून पाळताच येत नाही, ती अट माणसाला कायमचं मिंधं करते. उद्या दुकानाशी वाद झाला, ग्रामसभेत प्रश्न विचारला, तर कुणीही तिला गप्प करू शकतं: तुझा दाखला काढू का बाहेर? कायद्यानं तिला हक्क दिला, अटीनं तो परत मेहेरबानीच्या हाती सोपवला. माझं सगळं म्हणणं या एका मुद्द्याभोवती आहे. अन्न सुरक्षेच्या कारभारात सिद्ध करण्याचं ओझं उलट्या खांद्यावर ठेवलेलं आहे. आपण गरीब आहोत, आपण जिवंत आहोत, आपण आपणच आहोत, हे दर खेपेला उपाशी माणसानं सिद्ध करायचं. तो अपात्र आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र कुणावरच नाही.

मागं वळून पाहिलं तर हे नेहमीच असं नव्हतं. 1972 च्या दुष्काळात मी शाळकरी पोर होते. लाल मिलो ज्वारीची भाकरी घशाखाली उतरत नसे, खडीच्या कामावर सुकडी मिळायची. ते अन्न चांगलं होतं असं मी कधीच म्हणणार नाही. पण खडी फोडायला आलेल्या बाईला तिच्या गरिबीचा दाखला कुणी मागितला नव्हता. उन्हात खडी फोडायला येणं हाच दाखला होता. रेशन दुकानसुद्धा 1997 पर्यंत सर्वांसाठी होतं. त्या वर्षी ‘लक्ष्य निर्धारित’ व्यवस्था आली, 1 मे 1999 पासून महाराष्ट्रात तिरंगी कार्डं आली: 15,000 पर्यंत पिवळं, एक लाखापर्यंत केसरी, त्यापुढं पांढरं. तेव्हापासून प्रश्न ‘किती धान्य लागेल’ हा राहिला नाही, ‘कुणाला वगळता येईल’ हा झाला. केसरी कार्ड असून त्यावर दाणाही मिळत नाही अशी घरं आमच्या गावात कितीतरी आहेत. ते कार्ड पेटीत जपून ठेवलेलं असतं, शाळेच्या दाखल्यांसोबत.

2013 चा कायदा ही मोठी मजल होती, हे मी मनापासून मानते. प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला पाच किलो, अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबाला 35 किलो. तांदूळ तीन रुपये, गहू दोन, भरडधान्य एक रुपया किलो. 2023 च्या जानेवारीपासून तर सगळं मोफत. कायद्याच्या तेराव्या कलमानं घरातली सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख ठरवली. आठवं कलम सांगतं, की हक्काचं धान्य मिळालं नाही तर त्याऐवजी रोख भत्ता द्यायचा. यातल्या कुठल्याही कलमात दयेची भाषा नाही. आणि तरी आपल्या सगळ्या परिपत्रकांत माणसाचं नाव ‘लाभार्थी’. लाभ मागणारा. मजुरी घेणाऱ्या मजुराला, पेन्शन घेणाऱ्या मला, कुणी लाभार्थी म्हणत नाही. हा शब्द बदलला तर कचेरीतल्या खिडकीवरचा आवाजही थोडा बदलेल, असं मला खरोखर वाटतं.

अर्ज घेऊन गेलं की पुरवठा शाखेत जो शब्द सर्वांत जास्त ऐकू येतो, तो ‘इष्टांक’. म्हणजे किती माणसांना धान्य द्यायचं याचा ठरवून दिलेला कोटा. महाराष्ट्रासाठी तो सात कोटी 16 हजार आहे: ग्रामीण लोकसंख्येच्या 76.32 टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या 45.34 टक्के. पण ही लोकसंख्या कुठली? 2011 ची. कायद्याचं नववं कलम जनगणनेच्या प्रसिद्ध आकड्यांवर बोट ठेवतं, आणि 2021 ची जनगणना झालीच नाही. आता ती 2027 मध्ये व्हायची आहे. ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा या अर्थतज्ज्ञांनी 2020 मध्येच हिशेब मांडला होता, की जुन्या लोकसंख्येला धरून बसल्यामुळं देशभरात दहा कोटींहून अधिक माणसं या कायद्याबाहेर राहिली आहेत. त्यानंतर आणखी वर्षं गेली.

दहा कोटी हा आकडा डोळ्यांपुढं येत नाही. नऊ वर्षांचा एक मुलगा डोळ्यांपुढं येतो. त्याच्या आईनं त्याचं नाव कार्डावर चढवायला तीन वेळा अर्ज दिला. जन्मदाखला आहे, आधार आहे, शाळेचा दाखला आहे. कागदांत काहीच उणं नाही. उत्तर प्रत्येक वेळी एकच: इष्टांक शिल्लक नाही, कुणाचं नाव कमी झालं की बघू. नाव कमी कधी होतं? कुणी मेलं की, किंवा लेक सासरी गेली की. म्हणजे त्या पोराच्या ताटातला घास गावातल्या कुणाच्या तरी मरणाची वाट पाहतोय. तोवर तो आईच्या पाच किलोंत जेवतो. पाच किलो म्हणजे दिवसाला साधारण 165 ग्रॅम, आणि त्यात दोघं. सासरी गेलेल्या लेकीचं तर वेगळंच. माहेरच्या कार्डातून नाव कमी झाल्याचा दाखला आणल्याशिवाय सासरच्या कार्डात नाव लागत नाही. दोन कार्डांच्या मधल्या काळात ती कुठंच नसते, आणि नेमकं याच काळात पहिलं बाळंतपण येतं.

आता ई-केवायसी. कार्डावरच्या प्रत्येक माणसानं आधारशी पडताळणी करून घ्यायची. 2025 मध्ये तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली. आमच्या गल्लीतल्या एका आजींची गोष्ट सांगते. सत्तरी कधीच उलटली. उभा जन्म कापूस वेचण्यात, खुरपण्यात, भांडी घासण्यात गेला. बोटांवरच्या रेषा पुसून गेल्यात, हात लावला तर कातडं चिंचोक्यासारखं गुळगुळीत लागतं. कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून नाव आजींचंच, कायद्यानं सांगितलंय तसं. माणसं पाच.

“आजी, तुमचा अंगठा घेईना बघा मशीन,” दुकानदार म्हणाला.

“आरं बाबा, ह्योच अंगठा हाय माझा. दुसरा कुठून आणू?”

दहाही बोटं लावून झाली. चेहऱ्यावरून पडताळणी करणारं ॲप आहे, ‘मेरा ई-केवायसी’. त्याला ओटीपी लागतो. आधारला जोडलेला नंबर पुण्यात कामाला असलेल्या मुलाचा, तो नंबर दोन वर्षांपूर्वीच बंद पडलेला. नंबर बदलायला तालुक्याचं आधार केंद्र, तिथं पुन्हा अंगठा. दोन खेपा, दोन दिवसांचा रोज, एसटीचं भाडं. मग एका महिन्यात पावतीवर पाचऐवजी चारच माणसांचं धान्य आलं. नाव कमी केल्याचा आदेश कुणी दाखवला नाही, नोटीस आली नाही, कुणाची सही नाही. मी विचारत गेले तेव्हा दुकानदारानं मशीनकडं बोट दाखवलं आणि कचेरीनं वरच्या सर्व्हरकडं.

घरात कुणी आजींना काही बोललं नाही. पण पंधरा दिवसांनी सुनेनंच मला सांगितलं, “बाई, आत्या एका भाकरीवर आल्यात. म्हणत्यात, माझ्या वाट्याचं बंद झालंय, पोरांच्यातलं कशाला खाऊ?” हे वाक्य मी आजवर कितीतरी लोकांना सांगितलंय आणि दर वेळी माझा आवाज कापतो. कायद्यानं जिला घरातली पहिली ठरवली, ती यंत्रानं नाकारल्यावर स्वतःच स्वतःला शेवटची समजायला लागली.

असं करता येत नाही हे सरकारला माहीत नाही असं नाही. 2017 च्या फेब्रुवारीत रेशनला आधार सक्तीचं झालं. त्याच वर्षी झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी मेली. आधार जोडलं नव्हतं म्हणून घरचं कार्ड रद्द झालं होतं आणि घरात धान्य नव्हतं, असं तिच्या आईनं सांगितलं. देश हादरला. ऑक्टोबरमध्ये केंद्रानं राज्यांना कळवलं, की आधार नाही किंवा बोट जुळत नाही एवढ्या कारणावरून कुणालाही धान्य नाकारू नका. 2018 च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयासमोरही हीच हमी होती. म्हणजे कागदावर आजींची बाजू भक्कम आहे. पण तो कागद दिल्लीत, आणि मशीन दुकानात. दुकानात वही ठेवून सही-अंगठ्यावर धान्य द्यायची सोय असली पाहिजे, असं म्हटलं की दुकानदार खरं तेच सांगतो: मशीनवर नोंद झाली नाही तर तेवढा माल माझ्या खाती खोट म्हणून दिसतो. त्याला क्विंटलमागं कमिशन मिळत आलं 150 रुपये, 2025 मध्ये त्यात वीसची भर पडली. एवढ्यात तो आजींसाठी स्वतःच्या परवान्याची जोखीम घेईल अशी अपेक्षा मी करत नाही.

आणि आता ऊसतोड. आमच्या जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे गावंच्या गावं उठतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, कोंबड्या, पोरं. मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्याच्या फडात. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ ही योजना याच लोकांसाठी आहे. ऑगस्ट 2019 मध्ये ती सुरू झाली तेव्हा पहिल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गुजरात होते. 2021 च्या जूनमध्ये स्थलांतरित मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मुदत घालून दिली, आणि 2022 पर्यंत ती सगळ्या राज्यांत पोचली. बारा अंकी नंबर सांगायचा, अंगठा लावायचा, देशातल्या कुठल्याही दुकानात धान्य घ्यायचं. कल्पना इतकी योग्य आहे, की ती मजुराच्या कोपीपर्यंत, त्याच्या फडावरच्या झोपडीपर्यंत पोचत नाही याचा राग दुप्पट येतो.

का पोचत नाही? कारखान्याजवळच्या गावात दुकानाला माल येतो तो त्या गावच्या कार्डांच्या अंदाजानं. शे-दोनशे कोयती अचानक वाढली, तर दुकानदार म्हणणार, आधी गावचे, उरलं तर तुमचं. बाई पहाटे चारला फडात जाते, गाडी भरून होईस्तोवर दुपार सरते. दुकान उघडं असतं त्या वेळात तिच्या हातात कोयता असतो. गावाकडं मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांचे अंगठे उठत नाहीत. मग सहा महिने त्या कार्डावर धान्याची उचल शून्य.

आता याला रेशनच्या नियमांतली जुलै 2025 ची दुरुस्ती जोडा. सलग सहा महिने धान्य उचललं नाही तर कार्ड तात्पुरतं बंद करायचं आणि मग घरी जाऊन पडताळणी करायची. गळीत हंगाम किती महिन्यांचा असतो, हे नियम लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं असेल का? सहा महिने धान्य न उचलणारा माणूस त्याच्या लेखी सुखवस्तू असतो, गरज नसलेला. आमच्या लेखी तो फडात असतो. पडताळणीला कुणी आलंच तर दाराला कुलूप दिसेल. हंगामात किती मजूर कुठं जाणार हे मुकादमाच्या यादीत असतं, कारखान्याच्या करारात असतं. साखर आयुक्तालयापासून पुरवठा शाखेपर्यंत तो आकडा पोचवून कारखान्याच्या गावांना हंगामापुरता जादा माल देणं एवढंच करायचं आहे. त्याला नवं ॲप लागत नाही.

माझ्याशी भांडणारे लोक माझ्याच घरातले आहेत. माझा भाचा म्हणतो, मावशी, बोगस किती आहेत ते बघ; दारात चारचाकी उभी आणि घरात रेशनचा गहू. खरं आहे, असतात. मलाही त्यांची चीड येते. पण त्यांना हुडकायचं असेल तर गाडीची नोंद सरकारकडं आहे, प्राप्तिकराची आहे, नोकरीची आहे, सातबारा आहे. ती सगळी माहिती सरकारच्या घरात असताना शोध मात्र आजींच्या बोटावर का? झारखंडमध्ये कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रद्द झालेल्या कार्डांचा माग काढला, तेव्हा त्यातली बहुतांश कार्डं खऱ्याखुऱ्या कुटुंबांची निघाली. चाळणीतून खडे थोडेच निघाले, दाणे मात्र खूप सांडले.

दुसरा आक्षेप जास्त टोचतो, कारण तो मी डोळ्यांनी पाहते. लोक रेशनचा तांदूळ विकतात. दारावर येणाऱ्या टेम्पोला विकतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण काय घेतात त्या पैशांतून? आमच्याकडं रोजचं जेवण भाकरीचं. कायद्यात एक रुपयाचं भरडधान्य लिहिलेलं आहे, ताटात मात्र वर्षानुवर्षं गहू-तांदूळच आला. तांदूळ विकून ज्वारी घेणारी बाई गैरव्यवहार करत नाही, ती पोरांना जेवू घालते. इथल्या रानात पिकणारी ज्वारी इथंच खरेदी करून इथल्या दुकानात नियमानं दिली, तर टेम्पोवाल्याला रिकामा जावं लागेल. आणि धान्याऐवजी पैसे द्या म्हणणाऱ्यांनी आमच्याकडचा अनुभव पाहावा. शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत केसरी कार्डाच्या शेतकऱ्यांना 2015 पासून धान्य मिळायचं. 2023 मध्ये त्याऐवजी माणशी महिन्याला 150 रुपये खात्यात टाकायचं ठरलं. बँक बारा किलोमीटर, खात्याला पुन्हा आधार, पुन्हा केवायसी. एका ओझ्याच्या जागी दुसरं आलं.

तामिळनाडूत रेशन सर्वांसाठी खुलं आहे. तिथला श्रीमंत माणूस दुकानाच्या रांगेत उभा राहत नाही, तो आपोआप गळतो. गरिबाला मात्र गरीब असल्याचा कागद काढावा लागत नाही. महाराष्ट्रासारख्या राज्याला हे परवडणार नाही असं मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. अगदी सर्वांसाठी नको म्हणत असाल, तरी उत्पन्नाचा आकडा काढून टाका आणि वगळण्याची यादी करा: सरकारी नोकरी, प्राप्तिकर, चारचाकी. या यादीत जो नाही तो पात्र, त्याच्या स्वतःच्या सहीवर. वाढलेल्या माणसांचा भार जनगणना होईपर्यंत राज्यानं उचलावा. छत्तीसगडनं 2012 सालीच स्वतःचा अन्न सुरक्षा कायदा केला होता, तेही केंद्राच्या आधी. आणि कुणाचंही नाव कमी करायचं असेल तर आधी लेखी नोटीस, सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावासह. सुनावणी होईपर्यंत धान्य चालू. घर पाडायलासुद्धा नोटीस लागते. चूल विझवायला लागू नये?

कायद्यात दारं आहेत. जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, राज्य अन्न आयोग आहे, त्यानं दोषी ठरवलेल्या अधिकाऱ्याला पाच हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे, गावाला दक्षता समिती आहे. 1967 आणि 14445 हे फोन नंबर आहेत. ही दारं वाजवली गेली नाहीत तर गंजतात, म्हणून मी वाजवत राहते आणि बायकांनाही वाजवायला सांगते.

आजींचं नाव चार महिन्यांनी परत लागलं. तालुक्याच्या केंद्रात एका मुलीनं सबुरीनं त्यांचा हात कोमट पाण्यात बुडवून, पुसून, डाव्या हाताची करंगळी कशीबशी जुळवली. पाचव्या महिन्यात पावतीवर पुन्हा पाच माणसं आली. मधल्या चार महिन्यांचे वीस किलो मात्र आले नाहीत. कुणी विचारलंही नाही. म्हणून मी आठव्या कलमाखाली त्या वीस किलोंच्या भत्त्यासाठी अर्ज लिहिला, दोन प्रतींत, चारही महिन्यांच्या पावत्या जोडून. आजींना लिहिता येत नाही. खाली त्यांनी शाईचा अंगठा उठवला. कारकुनानं तो पाहिला, काही न बोलता शिक्का मारला आणि पोच दिली. पोचेवर तारीख आहे. ती पोच आता आजींच्या पेटीत, रेशनकार्डाच्या घडीत ठेवलेली आहे. दर सोमवारी त्या मला विचारतात, काही उत्तर आलं का गं.